'गेट रिड ऑफ': अर्थ, वापर आणि नेहमी होणारे घोळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्रजी शिकणारे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं, ऑफिसात दिवसभर मेल लिहिणारी मंडळी आणि भाषांतर करणारे असे सगळेच या एका वाक्प्रयोगाबद्दल सतत विचारत असतात. त्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम आहे. एकाच गोष्टीची पुनरुक्ती नको म्हणून काही ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'गेट रिड ऑफ' म्हणजे नेमकं काय?

नकोशी झालेली वस्तू, माणूस, सवय, आजार किंवा कटकट दूर करून मोकळं होणं. 'आय वॉन्ट टू गेट रिड ऑफ धिस ओल्ड फ्रिज' म्हणजे हा जुना फ्रिज मला एकदाचा घरातून काढायचाय. मग तो विका, कुणाला देऊन टाका नाहीतर भंगारवाल्याला बोलवा. कसा काढला याच्याशी या वाक्प्रयोगाला काही देणंघेणं नाही. तो सांगतो दोनच गोष्टी: ती वस्तू आता आपल्याजवळ नाही, आणि ती आपल्याला नको होती.

यातली दुसरी गोष्ट विसरली की पुढचे निम्मे घोळ होतात. नकोसेपणा हा या वाक्प्रयोगाचा जीव आहे. तो नसेल तिथे दुसरं क्रियापद शोधावं.

२. त्यातल्या 'रिड'चा स्वतंत्र अर्थ काय? तो शब्द आला कुठून?

'रिड' हे मुळात क्रियापद आहे आणि ते इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या बोलीतून आलं. झाडझाडोरा काढून जमीन मोकळी करणं हा त्याचा जुना अर्थ. म्हणजे कर्म होतं जमीन, आणि तिच्यावरून निघायची ती झाडं. आजही 'रिड' एकट्याने वापरलं की वाक्याची रचना हीच राहते: आधी जे मोकळं होतं ते, मग 'ऑफ', मग जे निघून जातं ते (प्रश्न ११ पाहा).

'गेट रिड ऑफ'मधलं 'रिड' हे 'मोकळा झालेला' अशा अर्थाचं विशेषण आहे, आणि 'गेट' म्हणजे इथे 'होणं', जसं 'गेट मॅरिड' किंवा 'गेट टायर्ड'मध्ये असतं. 'आय गॉट रिड ऑफ इट' या वाक्याचा सांगाडा 'मी त्यातून मोकळा झालो' असा आहे. मोकळं होणारा कर्ता आहे, वस्तू नव्हे. ही जोडणी सतराव्या शतकापासून इंग्रजीत रुळली आहे.

३. उच्चार 'रिड' की 'रीड'?

'रिड', ऱ्हस्व. 'किड', 'लिड', 'बिड' यांच्याशी जुळणारा.

मराठी माणूस हटकून 'रीड' म्हणतो, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ असतो: मीठ, पीठ, वीट, तीळ. जिभेला तीच सवय लागलेली असते. पण 'गेट रीड' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'वाचणं' ऐकू येतं. सराव करायचा तर 'किड-लिड-रिड' असं ओळीने म्हणा. आणि 'ऑफ'वर जोर देऊ नका. चालू बोलण्यात तो 'अव्ह' इतका पुसट होतो.

४. 'ऑफ' की 'फ्रॉम'? आणि 'ऑफ'मध्ये एफ एक की दोन?

फक्त 'ऑफ', आणि एफ एकच. 'गेट रिड फ्रॉम' ही आपल्याकडची सगळ्यात जास्त आढळणारी चूक. 'डासांपासून सुटका' हे मनात असतं, 'पासून'चं 'फ्रॉम' होतं आणि वाक्य फसतं.

पाठ करण्यापेक्षा हे 'ऑफ'वालं कुटुंब ओळखून ठेवा. एखाद्याकडून काहीतरी काढून घेणारी, निघून जाणारी अशी बरीच इंग्रजी क्रियापदं 'ऑफ' घेतात. 'रॉब हर ऑफ हर पर्स' (तिची पर्स लुबाडली), 'क्युअर हिम ऑफ द हॅबिट' (त्याची खोड मोडली), 'क्लिअर द रोड ऑफ स्नो', 'रिलीव्ह हिम ऑफ हिज ड्यूटीज', 'डिप्राइव्ह देम ऑफ स्लीप'. या सगळ्यांत मराठीत 'चा-ची-चे', 'वरचा' किंवा 'पासून' येतं आणि इंग्रजीत 'ऑफ'. अपवाद 'फ्री'चा. त्याला 'ऑफ' आणि 'फ्रॉम' दोन्ही चालतात, आणि गोंधळाचं एक मूळ बहुधा तिथेच आहे.

दोन एफवाला 'ऑफ' वेगळा. तो 'शेक ऑफ', 'थ्रो ऑफ' यांत येतो. 'गेट रिड ऑफ'मध्ये दोन एफ लिहिण्याची चूक इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात, म्हणून इंटरनेटवर दिसलं की बरोबर असेल असं धरू नका.

५. वाक्य संपताना 'ऑफ' तसाच लोंबकळत ठेवायचा का? शाळेत तर शब्दयोगी अव्ययाने वाक्य संपवू नका असं शिकवलं होतं.

ठेवायचा. 'धिस इज द सोफा आय वॉन्ट टू गेट रिड ऑफ.' इथे 'ऑफ' गाळला तर वाक्य अपुरं राहतं, आणि नेमकी हीच चूक वह्यांमधून सर्रास दिसते. प्रश्नातही तसंच: 'व्हॉट आर यू ट्राइंग टू गेट रिड ऑफ?'

शाळेतला तो नियम पाळायला गेलं तर 'द सोफा ऑफ विच आय वॉन्ट टू गेट रिड' असं काहीतरी तयार होतं, आणि असं कुणी बोलत नाही. 'ही इज हार्ड टू गेट रिड ऑफ' हे वाक्यही लक्षात ठेवण्यासारखं आहे. एकदा येऊन बसला की न हलणाऱ्या माणसाला ते अगदी चपखल बसतं.

६. भूतकाळात काय होतं? 'गॉटन रिड ऑफ' बरोबर आहे का?

बदलतं ते 'गेट'. 'रिड' कायम 'रिड'च राहतं. भूतकाळ 'गॉट रिड ऑफ', चालू काळ 'गेटिंग रिड ऑफ'. 'हॅव'नंतर ब्रिटिश इंग्रजीत 'हॅव गॉट रिड ऑफ' आणि अमेरिकन इंग्रजीत 'हॅव गॉटन रिड ऑफ'. दोन्ही बरोबर. एका लिखाणात एकच ठेवा. आपल्या परीक्षांमध्ये ब्रिटिश रूप सुरक्षित.

'रिड' एकट्याने क्रियापद म्हणून आलं तर त्याचाही भूतकाळ 'रिड'च. 'रिडेड' असं रूप कोशात सापडतं, वापरात क्वचित. 'रिडन' मात्र वेगळंच प्रकरण आहे. त्यासाठी प्रश्न १५.

७. 'रिमूव्ह' आणि 'गेट रिड ऑफ' यांत फरक काय? मराठीत तर दोन्हींना 'काढणं'च म्हणतात.

फरक नकोसेपणाचा. देवळाबाहेर पाटी असते, 'प्लीज रिमूव्ह युअर फुटवेअर.' म्हणजे चपला इथे काढा, दर्शन झालं की परत घाला. त्या जागी 'गेट रिड ऑफ युअर फुटवेअर' लिहिलं तर अर्थ होईल की या चपला एकदाच्या टाकून द्या. घरी आलेल्या पाहुण्याला कुणी चांगल्या मनाने असं म्हटलं तर त्याला ते चांगलंच लागेल.

'रिमूव्ह' फक्त जागा बदलल्याचं सांगतो, त्यात भावना नसते. सर्जन अपेंडिक्स 'रिमूव्ह' करतो, शिपाई खुर्च्या 'रिमूव्ह' करतो. जिथे गोष्ट मुळातच नकोशी असते तिथे दोन्ही शब्द चालतात. शर्टावरचा डाग 'रिमूव्ह' करा किंवा 'गेट रिड ऑफ' करा, काही बिघडत नाही.

८. शब्दकोशात 'गेट रिड ऑफ' म्हणजे 'सुटका होणे' असं दिलंय. मग 'मी अपघातातून सुटलो' याला 'आय गॉट रिड ऑफ द ॲक्सिडेंट' का म्हणत नाहीत?

हा माझ्या मते सगळ्या यादीतला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. कोश चुकीचा नाही, पण मराठी 'सुटका' फार मोठी आहे. तिच्यात इंग्रजीतल्या निदान तीन गोष्टी मावतात.

अपघातातून, आगीतून, थोडक्यात सुटलो: 'एस्केप'. तुरुंगातून, पोलिसांच्या ताब्यातून सुटका: 'रिलीज'. पुरात अडकलेल्यांची सुटका: 'रेस्क्यू'. आणि डासांपासून, उधारी मागायला येणाऱ्यापासून, जुनाट खोकल्यापासून सुटका: तिथे 'गेट रिड ऑफ'.

ओळखायची खूण सोपी आहे. हललं कोण ते पाहा. तुम्ही तिथून बाहेर पडला असाल तर 'गेट रिड ऑफ' नाही. तुम्ही तिथेच आहात आणि ती गोष्ट तुमच्याकडून गेली, तर 'गेट रिड ऑफ'. म्हणून ट्रॅफिकमधून सुटलो हे 'गॉट आउट ऑफ द ट्रॅफिक', कारण गाड्या तिथेच आहेत आणि निघालात तुम्ही. कंटाळवाण्या मीटिंगमधून सुटका झाली तर तेही 'गॉट आउट ऑफ द मीटिंग'. पण दर सोमवारची ती मीटिंगच बंद करून टाकली असेल, तर 'वी गॉट रिड ऑफ द मंडे मीटिंग'.

कर्जाचं दोन्ही बाजूंनी होतं. 'गेट आउट ऑफ डेट' जास्त रुळलेलं आहे. 'गेट रिड ऑफ डेट'ही चालतं. हप्ते फेडून संपवले हे सांगायचं असेल तर 'पे ऑफ', आणि इथे एफ दोन.

९. मराठीत भाषांतर करताना कोणता शब्द वापरावा? प्रत्येक वेळी 'मुक्ती मिळवा' लिहून कंटाळा आला.

वाचणाऱ्यालाही येतो. 'कोंड्यापासून मुक्ती मिळवा', 'हट्टी डागांपासून सुटका मिळवा' ही जाहिरातींतली मराठी. घरात कुणी असं बोलत नाही. घरात एक साधं, नेमकं क्रियापद आहे: घालवणं. कोंडा घालवायला काय लावू? फ्रिजचा वास कसा घालवायचा? मुलाच्या मनातली भीती घालवायला हवी. 'हाऊ टू गेट रिड ऑफ' असा मथळा दिसला की दहापैकी सहा-सात वेळा 'कसं घालवाल' एवढ्यावर काम भागतं. हा शब्द आपण इतका सहज बोलतो आणि लिहायला बसलो की विसरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं हत्यार म्हणजे 'टाकणं' हे सहायक क्रियापद. 'गाडी विकली' म्हणजे नुसता व्यवहार. 'गाडी विकून टाकली' म्हटलं की त्यात कटकट मिटल्याचा सुस्कारा ऐकू येतो. देऊन टाकलं, काढून टाकलं, फेकून टाकलं, पुसून टाकलं. 'गेट रिड ऑफ'मधला नकोसेपणा आणि कायमचा निकाल ही दोन्ही अंगं एका 'टाकणं'मध्ये येतात. त्याला 'एकदाचा' जोडा: 'तो सोफा एकदाचा देऊन टाकला.' इंग्रजी वाक्यात 'फायनली' असेल तर याहून चांगलं भाषांतर शोधायची गरज नाही.

बाकी सगळं संदर्भावर. उंदीर-ढेकणांचा बंदोबस्त करतात किंवा नायनाट करतात. सवय मोडतात, व्यसन सोडवतात. दुकानदार जुना माल खपवतो. तोच माल भोळ्या गिऱ्हाइकाला दिला तर 'गळ्यात मारला'. पाठीमागे लागलेल्याचा पिच्छा सोडवतात. नको असलेल्या पाहुण्याला वाटेला लावतात किंवा कटवतात, आणि हातावर काहीतरी ठेवून मान राखत पाठवलं तर बोळवण करतात. नोकरीवरून काढलं तर हातात नारळ देतात, पदावरून काढलं तर उचलबांगडी किंवा हकालपट्टी होते. नको असलेला माणूस स्वतःहूनच निघून गेला तर सुंठीवाचून खोकला गेला. या शेवटच्या ठिकाणी उलट भाषांतर करताना मात्र 'गेट रिड ऑफ' टाळा, कारण त्यात कर्त्याने काहीतरी केलेलं असतं. तिथे 'बी रिड ऑफ' बरं (प्रश्न १०).

१०. 'आय ॲम रिड ऑफ इट' असंही वाचलं. हे बरोबर आहे?

बरोबर आहे. 'गेट' म्हणजे मोकळं होण्याची क्रिया, 'बी' म्हणजे मोकळं झाल्यानंतरची स्थिती. 'आय ॲम ग्लॅड टू बी रिड ऑफ दॅट कफ': तो खोकला गेला एकदाचा, बरं वाटलं.

यातलंच एक खास ब्रिटिश रूप आहे, 'यू आर वेल रिड ऑफ हिम'. लग्न मोडलेल्या मैत्रिणीला, वाईट भागीदारापासून वेगळं झालेल्या मित्राला धीर देताना म्हणतात. आपल्याकडे 'सुटलीस बाई!' म्हणतात ते हेच.

११. 'रिड द हाऊस ऑफ रॅट्स' यात शब्दांचा क्रम उलटा का वाटतो?

कारण मराठी मन आधी उंदीर पकडतं, इंग्रजी आधी घर. प्रश्न २ मधली ती जमीन आठवा. आधी मोकळं होणारं, मग 'ऑफ', मग जाणारं. 'रिड रॅट्स ऑफ द हाऊस' लिहिलं तर अर्थ होईल की उंदरांना घराच्या त्रासातून सोडवा. 'गेट रिड ऑफ'मध्ये मात्र घर आलंच तर मागून येतं, किंवा येतच नाही.

ही रचना थोडी औपचारिक आहे आणि मोठ्या कामांसाठी शोभते. सार्वजनिक आरोग्याच्या इंग्रजीत ती नेहमी भेटते. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, म्हणजे जग देवीपासून 'रिड' झालं. गुराढोरांची बुळकांडी गेल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. ज्यांच्या आजोबांनी बुळकांडीत गोठा रिकामा होताना पाहिला, त्यांना ही बातमी किती मोठी होती हे सांगायला नको. रोग साऱ्या जगातून समूळ गेला की तज्ज्ञ 'इरॅडिकेट' म्हणतात, एखाद्या देशातून किंवा प्रदेशातून गेला की 'एलिमिनेट'. भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभागाला २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, ते या दुसऱ्या प्रकारातलं. 'रिड इंडिया ऑफ पोलिओ' हे सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या इंग्रजीत अगदी योग्य.

नागपूरच्या एका भाषांतरकाराने विचारलं होतं की मारबतीच्या, म्हणजे संकटं गावाबाहेर घालवण्यासाठी काढतात त्या पुतळ्याच्या, मिरवणुकीतल्या 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत'चं काय करायचं. तिथे मागणं थेट मारबतीकडे आहे आणि जायचं तिच्याबरोबर आहे, म्हणून 'टेक अवे' हवंच. अर्थ सांगताना पुढे 'रिड अस ऑफ ऑल अवर ट्रबल्स' जोडलं तर परक्या वाचकाला मागण्यातली आर्तता कळते. 'गेट रिड ऑफ' तिथे नको. घरातला फ्रिज काढायला तो ठीक, देवतेपुढे गाऱ्हाणं घालताना फार रोजचा वाटतो.

१२. माणसांबद्दल वापरलं तर चालतं का? ऑफिसच्या मेलमध्ये 'वी गॉट रिड ऑफ थ्री पीपल' लिहिलं तर?

व्याकरणाने चालतं. माणुसकीने नाही. ज्यांनी तिथे काही वर्षं काम केलं ती माणसं नकोशी होती असं त्या वाक्यातून निघतं, आणि मेल पुढे कुणापर्यंत जाईल याचा नेम नसतो. मंदीमुळे कमी केलं असेल तर 'लेड ऑफ', पदच रद्द झालं असेल तर 'मेड रिडंडंट', गैरवर्तनामुळे काढलं असेल तर 'डिसमिस्ड'. यांत कारणही कळतं.

तक्त्यातला एखादा रकाना, जुनी पद्धत, वाढीव फॉर्म यांच्याबद्दल सहकाऱ्यांना 'लेट्स गेट रिड ऑफ इट' बिनधास्त म्हणा.

१३. गुन्हेगारी मालिकांमध्ये 'गेट रिड ऑफ हिम' म्हणजे ठार मारणं असतं. हा वेगळा अर्थ आहे का?

वेगळा नाही, सूचक आहे. बोलणारा 'मारा' असं उच्चारत नाही, ऐकणारा समजून घेतो. मराठीत 'काटा काढणं' किंवा 'वाटेतून दूर करणं' तसंच.

या संदिग्धपणाचं जगप्रसिद्ध उदाहरण बाराव्या शतकातलं आहे. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट यांचं बिनसलं होतं. 'या उपद्रवी धर्मगुरूपासून मला कुणी सोडवणारच नाही का?' असं राजा संतापून बोलल्याची कथा आहे, आणि तिच्या इंग्रजी रूपात 'रिड मी ऑफ' हेच शब्द येतात. चार सरदारांनी ते हुकूम समजून २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्येच बेकेटचा खून केला. हे नेमके शब्द राजाच्या तोंडचे नाहीत. ते पुष्कळ नंतर रूढ झाले. बेकेटचा समकालीन चरित्रकार एडवर्ड ग्रिम याने लॅटिनमध्ये दिलेलं वाक्य निराळंच आहे. तरीही स्पष्ट हुकूम न देता काम करवून घेण्याबद्दल आजच्या इंग्रजी राजकीय लेखांत हे वाक्य वारंवार येतं, म्हणून ओळखता यायला हवं.

भाषांतर करताना सूचकपणा तसाच ठेवा. पात्र 'गेट रिड ऑफ हिम' म्हणतंय तिथे 'ठार कर त्याला' लिहिलं, तर पुढच्या प्रसंगात 'मी असं म्हटलंच नव्हतं' हे त्याचं वाक्य लटकं पडतं.

१४. आजार आणि दुःख यांच्यासाठी वापरता येतं का?

किरकोळ आजारांसाठी हो. सर्दी, खोकला, उचकी, डोकेदुखी, मुरुमं यांना अगदी नेहमीचं. गंभीर आजारातून बरं होण्याला 'रिकव्हर फ्रॉम' म्हणा. 'माय मदर गॉट रिड ऑफ हर हार्ट ॲटॅक' हे वाक्य अर्थानेही बसत नाही, कारण झटका येऊन गेलेला असतो. भीती आणि शंका 'गेट रिड ऑफ' करता येतात, पण भीतीवर मात केली असं म्हणायचं असेल तर 'ओव्हरकम'.

दुःखासाठी नको. 'या दुःखातून लवकर बाहेर पडा' हे मनात धरून कुणीतरी सांत्वनाच्या संदेशात 'मे यू गेट रिड ऑफ धिस सॉरो सून' लिहितं. हेतू चांगला असतो. पण गेलेल्या माणसाबद्दलचं दुःख ही टाकून द्यायची अडगळ नव्हे, आणि वाचणाऱ्याला ते तसं वाटू शकतं. स्वतःबद्दल बोलताना लोक 'गेट ओव्हर' वापरतात. दुसऱ्याला लिहिताना तेही घाईचं वाटतं. 'आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस' एवढं पुरे.

१५. इंग्रजी पेपरात 'डेट-रिडन फार्मर्स' वाचलं. 'रिड' म्हणजे मोकळं, मग हे कर्जमुक्त शेतकरी का?

नेमकं उलट. कर्जबाजारी शेतकरी, कर्जाखाली दबलेले. हे 'रिडन' आपल्या 'रिड'चं रूपच नव्हे. ते 'राइड' म्हणजे स्वार होणं याचं आहे. ज्याच्यावर कर्ज स्वार झालंय तो 'डेट-रिडन', अपराधीपणा स्वार झालाय तो 'गिल्ट-रिडन', अंथरुणाला खिळलेला तो 'बेडरिडन'.

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांविषयीच्या इंग्रजी बातम्यांत हा शब्द इतक्यांदा येतो की भाषांतर करणाऱ्याने इथे चुकून चालणार नाही. एका शब्दाने बातमी उलटी होते आणि ज्याच्या डोक्यावर सावकार बसलाय त्याला आपण कर्जमुक्त ठरवतो. मुक्त म्हणायचं असेल तर इंग्रजी 'डेट-फ्री' वापरतं. तसंच 'करप्शन-रिडन' म्हणजे भ्रष्टाचाराने पोखरलेलं, भ्रष्टाचारमुक्त नव्हे.

१६. 'गुड रिडन्स' हा निरोप आहे का? निरोप समारंभाच्या कार्डावर लिहावा का?

मुळीच नाही. 'रिडन्स' हे 'रिड'चं नाम, आणि 'गुड रिडन्स' म्हणजे ब्याद टळली, पीडा गेली. 'गुड'मुळे शुभेच्छा वाटते म्हणून हा घोळ होतो. कार्डावर 'फेअरवेल' लिहा.

१७. 'डिस्पोज ऑफ', 'डू अवे विथ', 'एलिमिनेट', 'डिस्कार्ड' यांतलं कधी काय?

अर्ज, अहवाल, करार, शोधनिबंध यांत 'गेट रिड ऑफ' जरा सैल वाटतं. तिथे कचरा आणि मालमत्तेसाठी 'डिस्पोज ऑफ', अशुद्धी किंवा चुका यांच्यासाठी 'एलिमिनेट' किंवा 'रिमूव्ह', कागद-नमुने बाजूला काढण्यासाठी 'डिस्कार्ड'. नियम, प्रथा, कर रद्द करण्यासाठी 'डू अवे विथ' किंवा त्याहून औपचारिक 'अबॉलिश'. तक्रारपत्रात, मेलमध्ये, लेखात 'गेट रिड ऑफ' खुशाल वापरा. परीक्षेच्या निबंधात एखाद्या वेळी वापरल्याने कुणी गुण कापू नयेत.

'डिस्पोज ऑफ'चा एक सापळा आहे. आपल्या न्यायालयांच्या इंग्रजीत 'द पिटिशन इज डिस्पोज्ड ऑफ' म्हणजे याचिका निकाली काढली. फेटाळली किंवा मान्य केली असं त्यातून कळत नाही, फक्त ती आता प्रलंबित नाही एवढंच कळतं. बातमीत त्याचं 'याचिका फेटाळली' करू नये, आणि 'निकालात काढली' तर नकोच.

१८. कर्मणी प्रयोग होतो का?

होतो. 'दीज थिंग्ज कान्ट बी गॉट रिड ऑफ ईझिली.' व्याकरणात बसतं, कानाला खटकतं. कर्त्याचं नाव घ्यायचं नसेल तर 'रिमूव्ह' किंवा 'डिस्पोज ऑफ' यांचा कर्मणी प्रयोग करा. प्रयोग बदलण्याच्या प्रश्नात आलंच तर 'ऑफ' न विसरता लिहून टाका.

१९. आवडती गोष्ट नाइलाजाने द्यावी लागली तरी 'गेट रिड ऑफ' म्हणायचं का? मग नकोसेपणाचं काय?

इथे लोक खरोखर अडतात. 'वी हॅड टू गेट रिड ऑफ द डॉग' असं इंग्रजीत ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याचे डोळे भरलेले असू शकतात. 'हॅड टू'मुळे नकोसेपणा माणसाकडून परिस्थितीकडे जातो. नवीन सोसायटीत कुत्रा ठेवता येत नव्हता, धाकट्याला ॲलर्जी होती, असं काहीतरी मागे असतं. तरीही शब्दाचा कोरडेपणा पूर्ण जात नाही. कुत्र्यासाठी 'वी हॅड टू गिव्ह हिम अप' किंवा 'वी फाउंड हिम अ न्यू होम' म्हणणं मी पसंत करेन.

मराठीत हा पेच 'टाकणं'मुळे लगेच उघडा पडतो. 'आजीची शिलाई मशीन विकून टाकली' आणि 'आजीची शिलाई मशीन विकावी लागली' यांत घर बदलावं लागलं, जागा नव्हती ही सारी कथा तीच असेल, पण पहिलं वाक्य ऐकून मामा रागावतील आणि दुसरं ऐकून गप्प बसतील. इंग्रजीत 'गॉट रिड ऑफ' आणि 'हॅड टू सेल' यांत तेवढंच अंतर आहे.

२०. ब्रिटिश मालिकेत 'गेट शॉट ऑफ इट' ऐकलं. गोळी घालण्याशी संबंध?

काही नाही. ब्रिटिश बोलीत 'गेट शॉट ऑफ' म्हणजे 'गेट रिड ऑफ'च, आणखी घरगुती सुरात. अशीच एक म्हण म्हणजे 'ग्लॅड टू सी द बॅक ऑफ हिम', गेला एकदाचा. ऐकून कळायला हवेत. आपण बोलताना 'गेट रिड ऑफ'वर थांबलेलं बरं, कारण 'शॉट' ऐकून अमेरिकन माणूसही दचकू शकतो.